आवडीचं शिकतानाही मुलगा चिडतो, तेव्हा

“हौसेनं काहीतरी शिकायला घेतो आणि चार दिवसांत चिडून सोडतो. चिकाटीच नाही त्याच्यात.” आईवडील ही तक्रार फार वेळा घेऊन येतात. त्यावर एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नुकताच बारावी झालेला, काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या कॉम्प्युटर गेममध्ये मुरलेला. त्याच गेमच्या सीएस-गो या आवृत्तीचे दिवस होते. त्यानं हॅमर या एडिटरमध्ये स्वतःचा मॅप, म्हणजे गेम जिथे खेळतात ती जागा, करायला घेतला, तोही जिने, पार्किंग, गच्च्यांसकट राहती सोसायटी. थोड्याच दिवसांत कीबोर्ड आपटणं सुरू झालं, घरात बोलणं बंद. मला म्हणाला, “मॅडम, मला डोकंच नाही. यूट्यूबवर पोरं तासाभरात करतात. डस्ट ज्यानं केला तो माझ्याच वयाचा होता.”

ते खरंच आहे. डेव्ह जॉन्स्टन या इंग्लंडमधल्या मुलानं १९९९मध्ये, शिकत असतानाच डस्ट हा काउंटर-स्ट्राइकचा गाजलेला मॅप केला. पण आपण पाहतो तो पूर्ण झालेला मॅप आणि कापून जोडलेला व्हिडिओ. मधली खोडाखोड कुणी दाखवत नाही.

पुढच्या भेटीला मी त्याला लॅपटॉप आणायला सांगितलं. कंपाइल केलं, म्हणजे मॅप गेममध्ये चालेल अशा रूपात बदलायला घेतला, की ‘लीक्ड’ असा एरर येत होता. त्यानंच मला समजावलं: मॅप चहूबाजूंनी बंद लागतो. आतल्या एखाद्या दिव्यापासून बाहेरच्या पोकळीपर्यंत फट राहिली, की कुठून काय दिसेल याचा हिशेबच होत नाही. वैतागून त्यानं अख्ख्या सोसायटीभोवती एक प्रचंड पेटी ठोकली होती. लीक गेला, पण कंपाइल संपेना आणि गेम अडखळायला लागला.

इतकं नेमकं सांगणाऱ्या मुलाला डोकं नाही कसं म्हणायचं? वर्षानुवर्षं खेळून त्याची नजर तयार झाली होती, हात मात्र नवखा होता. आपलं काम किती कच्चं आहे हे त्याला लख्ख दिसत होतं, म्हणून तो तडफडत होता. ज्याला ती नजरच नाही, तो पहिल्या ओबडधोबड खोलीवरही खूश असतो.

वडील एमआयडीसीत फिटर. “गेमच तर आहे,” म्हणत होते. मी विचारलं, “आयटीआयला सुरुवातीला काय शिकवलं तुम्हाला?” ते म्हणाले, “कानस. लोखंडाचा तुकडा घासायचा, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. हात भरून यायचे, रडायला यायचं.”

मुलानं त्यांच्याकडे पाहिलं. “पप्पा, लीक म्हणजे हेच.”

तिथून काम सोपं झालं. सोसायटीची फाइल बाजूला ठेवली. आधी एकच खोली करायची: चार भिंती, जमीन, छत, एक दिवा आणि खेळाडू उभा राहायची जागा. कंपाइल करून आत फिरून यायचं, मग दार, मग दुसरी खोली. एका वेळी एकच बदल, म्हणजे बिघडलं तर कशानं ते कळतं. ग्रिड, म्हणजे एडिटरमधल्या आखणीच्या चौकटी, १ वर, म्हणजे अगदी बारीक, ठेवल्यानं भिंतींमध्ये बारीक फटी राहत होत्या. तो १६ वर नेला. एररची खिडकी न वाचताच बंद करायची सवय होती. आता तो एरर आधी वहीत उतरवायचा. लीक कुठे आहे ते दाखवणारी पॉइंटफाइल एडिटरमध्ये लोड केली की दिव्यापासून फटीतून बाहेर जाणारी लाल रेघ दिसते. ती धरून फट शोधायला तो शिकला, आणि पेटीची गरज उरली नाही.

आईवडिलांना मी एवढंच सांगितलं, की “सोपं तर आहे” म्हणू नका आणि “सोडून दे”ही म्हणू नका. रात्री जेवताना “आज कुठे अडलं?” विचारा आणि तो सांगेल ते ऐका. वडिलांनी हे मनापासून केलं. सोसायटी अजून अर्धीच आहे, पण जिना आणि पार्किंगमधून चालता येतं.

तुमच्याही घरी अशी चिडचिड असेल, तर आधी अडलेली जागा बघा. मात्र त्याबरोबर झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मित्र नकोसे झाले असतील किंवा “माझा काही उपयोग नाही” हे प्रत्येकच गोष्टीबद्दल ऐकू येत असेल, तर एडिटरवर खापर फोडत थांबू नका, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे लवकर घेऊन या.