सामाजिक संस्थेत इंटरॅक्शन डिझायनरला नेमकं काय काम असतं? फक्त वेबसाइट?

इंटरॅक्शन डिझायनर म्हणजे अ‍ॅप, वेबसाइट, फॉर्म लोकांना सहज वापरता येतील असे आखणारी व्यक्ती. त्यात वेबसाइट हा लहान भाग. बहुतेक वेळ गावोगाव माहिती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांचे मोबाइल फॉर्म सुधारण्यात जातो. मी आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत हेच करते. ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स या माहिती गोळा करण्याच्या साधनांमधला फॉर्म रेंज नसली तरी फोनवर साठतो, नंतर पाठवता येतो. पण प्रश्नांचा क्रम काय, कोणता प्रश्न कधी लपवायचा, वय नक्की माहीत नसलेल्या आजींसाठी ‘अंदाजे’ हा पर्याय द्यायचा का, हे माणसालाच ठरवावं लागतं. हा पर्याय नसेल तर 60, 65 असे ठोकळ आकडे पक्के म्हणून नोंदले जातात आणि पुढचं विश्लेषण चुकतं. म्हणून कार्यकर्तीशेजारी बसून ती फॉर्म कसा भरते ते बघाच. मात्र लहान संस्थांत हे स्वतंत्र पद क्वचितच असतं. प्रशिक्षण, अहवाल, पोस्टरही तुमच्याकडेच येतील.