रोबोटच्या हातावरच्या गाईडमध्ये होज नीट सरकतो की नाही, हे कळायला कोणता सेन्सर लावावा?

तुम्ही तीन पर्याय विचारलेत: ड्रॉ-वायर सेन्सर (ओढली जाणारी तार किती बाहेर आली ते मोजणारा), साधा प्रॉक्सी (धातू जवळ आला की न टेकता ऑन होणारा सेन्सर), की रोबोटच्या मोटरच्या करंटवरूनच ओळखायचं. माझं उत्तर प्रॉक्सी. मोटरच्या करंटचा नाद तर सोडूनच द्या. गाईडमध्ये अडकलेला होज ओढला जातो तो फार तर दहा-पंधरा किलोच्या जोराने. पन्नास किलोचा कट्टा उचलणाऱ्या हाताच्या मोटरला तेवढा जोर वेगळा कसा दिसणार? होज फिटिंगमधून उपटून निघेल, तरी रोबोट आपला चालूच राहील. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वर्धा जिल्ह्यातल्या एका सोया प्लँटला मी मेंटेनन्सला होतो. बॅगिंगला चार अक्षांचा पॅलेटायझर रोबोट होता, डीओसीचे, म्हणजे तेल काढून उरलेल्या सोयापेंडीचे, कट्टे रचायला. ग्रिपरचे, म्हणजे कट्टा धरणाऱ्या पंजाचे, हवेचे दोन होज आणि एक सिग्नल केबल हाताच्या वरच्या अंगाने गाईडमधून जायचे. हात पुढे गेला की होज बाहेर ओढला जायचा, मागे आला की स्प्रिंग त्याला आत घ्यायची. २०१९ ची गोष्ट. त्या वर्षी ऐन काढणीत पाऊस आला आणि आमच्याकडचं सोयाबीन शेतातच भिजलं. हवा दमट होती, डीओसीची धूळ जिथे बसेल तिथे खळीसारखी चिकटायची. गाईडच्या आतही.

नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी बॅगिंगवरचा हेल्पर मला म्हणाला, "भाऊ, तो पाइप वापस जाऊन नाही राहिला." गेटवर ट्रकांची रांग लागलेली. उद्या सकाळी पाहतो म्हणालो. रात्रीच्या पाळीत ग्रिपरपाशी होजची झोळ लोंबली, कन्व्हेयरच्या रोलरखाली गेली, आणि हात पुढच्या कट्ट्याला वळला तसा होज उपटला. ग्रिपर उघडला, कट्टा खाली पडून फुटला. कोणाला लागलं नाही. फिटिंग नागपूरहून येईपर्यंत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाईन बंद.

रोबोट पुरवणाऱ्यांचा सर्व्हिस इंजिनिअर आला आणि रिपोर्टमध्ये एकच ओळ लिहून गेला: ऑपरेटरची चुकीची हाताळणी. त्या ओळीवर हेल्परचा महिन्याचा ओव्हरटाइम कापला गेला. ज्याने आदल्या संध्याकाळी सांगितलं, त्याचाच. मी इंजिनिअरला तुटलेला होज दाखवला. एका बाजूने वीतभर घासून काचेसारखा चमकत होता, दुसरी बाजू नवीकोरी. कोणी एकदा हिसका दिला तर होज असा घासत नाही. कितीतरी दिवस एकाच जागी घासला तरच असा होतो. तो म्हणाला, होज खपाचा माल आहे, सहा महिन्यांनी बदलत जा, सेन्सर-बिन्सर कशाला?

सहा महिन्यांचा हिशोब मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. आमचा होज जेमतेम तीन महिन्यांचा होता. बिघाड गाईडमध्ये होता, होजच्या वयाचा त्यात संबंध नव्हता.

नवीन होज टाकला तेव्हा त्याच्यावर पांढऱ्या पेंट मार्करने दर पाच सेंटिमीटरला खूण केली. गाईड मुद्दाम तसाच ठेवला, साफ केला नाही. रोबोट होमला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागी, आला की पहिली खूण गाईडच्या तोंडाशी यायला हवी. पाळीत दोनदा, नेमका होमला असताना, मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचो. पहिल्या दिवशी खूण तोंडाशी. दुसऱ्या दिवशी बोटभर बाहेर. तिसऱ्या दिवशी चार बोटं. अडकायच्या आधी तीन दिवस होज स्वतः सांगत होता, आणि हेल्परने नेमकं तेच पाहिलं होतं.

गाईड साफ केल्यावर प्रॉक्सी लावला. होजवर आतून रबराची पट्टी देऊन चारेक सेंटिमीटर लांबीची धातूच्या पट्टीची कॉलर बसवली. रबर हवंच, नाहीतर कॉलरच होज कापते. गाईडच्या मागच्या टोकाला एम१८ चा, म्हणजे १८ मिलिमीटर आट्यांचा, प्रॉक्सी. पहिली कॉलर मी ॲल्युमिनियमची केली, हलकी म्हणून, आणि प्रॉक्सी तिला पकडेचना. लोखंडाला ८ मिलिमीटरवरून ओळखणारा प्रॉक्सी ॲल्युमिनियमला तीनेक मिलिमीटरपर्यंतच ओळखतो. मग साध्या लोखंडी पत्र्याची केली. फोटो सेन्सर मात्र डीओसीच्या धुळीत लावू नका, लेन्सवर थर बसला की तो आंधळा.

आता पीएलसीकडे, म्हणजे लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रामकडे, लक्ष द्या, बहुतेक जण इथेच अर्धवट काम करतात. रोबोट होमला आल्यावर दोन सेकंदांत प्रॉक्सी ऑन झालाच पाहिजे, नाहीतर पुढची सायकल नाही. हा झाला एक भाग. हात पूर्ण पुढे गेला तेव्हा तोच प्रॉक्सी ऑफ झालाच पाहिजे, हा दुसरा. होज आतच गच्च अडकला तर प्रॉक्सी कायम ऑन राहतो, आणि फक्त होमची तपासणी करणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. दोन्ही तपासा. प्रॉक्सीची वायर तुटली तर होमला ऑन येत नाही, रोबोट थांबतो. तसाच थांबायला हवा.

ड्रॉ-वायर सेन्सर वाईट नाही. होज किती सरकला हे त्याच्यावर सतत दिसतं, रोबोटच्या प्रत्येक पोझिशनला किती यायला हवं याची यादी करून तुलना करता येते. पण त्याची बारीक तार स्वतःच धुळीत फिरते, आणि चार अक्षांच्या पॅलेटायझरवर रोज त्याच दोन-तीन पोझिशन असतात. तिथे ऑन-ऑफ पुरतं. वेल्डिंगच्या रोबोटवर प्रोग्राम सारखे बदलत असतील तर ड्रॉ-वायरचा विचार जरूर करा.

हे आधी सांगायला हवं होतं: डीओसीची धूळ पेटते. तुमच्याकडे असा माल असेल तर धुळीच्या जागेसाठी प्रमाणित केलेलाच प्रॉक्सी घ्या, स्वस्तातला नको. आणि कॉलर बसवताना वीज तोडून कुलूप लावा, ग्रिपरची हवा पूर्ण सोडा.

सहा अक्षांचा रोबोट असेल तर माझं उत्तर अर्धंच लागू पडतं. मनगट फिरतं तेव्हा केबल सरकण्यापेक्षा पिळली जास्त जाते, आणि पीळ या प्रॉक्सीला दिसत नाही. तिथे पिळायला चालणारी केबल लागते आणि मनगट एकाच दिशेने किती फिरतंय ते प्रोग्राममध्येच बांधावं लागतं. केबलच्या आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात, तेही यात कळत नाही.

तो रिपोर्ट बदलून घ्यायला मी तिन्ही दिवसांचे व्हिडिओ मॅनेजरला दाखवले. प्रॉक्सीच्या खर्चाला मंजुरी मिळाली, रिपोर्टमधली ओळ तशीच राहिली. हेल्परने पुढच्या सीझनला प्लँट सोडला. तुमच्याकडेही बॅगिंगवर कोणीतरी दिवसभर त्या होजकडे पाहत असेल. सेन्सर मागवण्याआधी त्याला विचारा, होज कधीपासून पूर्ण आत जात नाही.