हॉल अँड ओट्स नव्याने ऐकताना

डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स या अमेरिकेतल्या गोऱ्या गायक जोडीला ऐकायचं, तर सुरुवात त्यांच्या १९८०च्या दशकातल्या हिट गाण्यांपासून करू नकोस. आधी १९७३ चा 'अबँडन्ड लंचनेट' हा अल्बम लाव, हेडफोनवर, एका बैठकीत. त्यातल्या 'शीज गॉन'च्या कडव्यांत दोघं एकच चाल गातात. ओट्स खालच्या सप्तकात, हॉल वरच्या. एकदा फक्त ओट्सचा आवाज धरून ऐक. हॉल एवढा उंच जातो तो कोणाच्या आधारावर, ते लगेच कळेल. दोघंही फिलाडेल्फियात घडलेले, तिथलं सोल, म्हणजे कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गाणं, कानात मुरलेलं.

मग १९८१ चं 'आय कान्ट गो फॉर दॅट'. ड्रम मशीनचा साधा ठेका, मोजके स्वर आणि मधे केवढी मोकळी जागा! अमेरिकेत कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीतही ते पहिलं आलं, याचं मला आजही फार अप्रूप आहे. निवडक गाण्यांचे संग्रह मागाहून ऐक.