एकाच अल्बमच्या एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या दोन उच्च दर्जाच्या ऑडिओ डिस्कमध्ये डावा-उजवा चॅनेल वेगळा वाटतो. खात्री कशी करायची?

आधी डीव्हीडी-ऑडिओवर स्वतंत्र स्टिरिओ ट्रॅक आहे का ते बघा. काही डिस्कवर तो नसतोच, प्लेअर 5.1 (सहा चॅनेलचा सराउंड) मिक्सच दोन चॅनेलमध्ये मिसळून ऐकवतो. मग तुलना वेगळ्याच मिक्सशी होते आणि पुढची सगळी मेहनत वाया.

ट्रॅक असेल तर एसएसीडीचा 2.8224 मेगाहर्ट्झचा डीएसडी (एसएसीडीवरचा एक-बिट ऑडिओ) 24 बिट, 88.2 किलोहर्ट्झ पीसीएममध्ये (नेहमीच्या डिजिटल ऑडिओत) बदला. डीव्हीडी-ऑडिओची फाइलही त्याच सॅम्पल रेटवर आणा. रूपांतरात डीएसडीचा आवाज बऱ्याचदा 6 डेसिबलने खाली येतो, तो आधी सारखा करा. मग ऑडॅसिटी या ऑडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइल अगदी सॅम्पलपर्यंत जुळवा, एक इन्व्हर्ट (लहर उलटी) करा आणि मिसळा, म्हणजे दोन्हींत सारखं असलेलं एकमेकांना रद्द करतं. पण हे डाव्या आणि उजव्या चॅनेलसाठी वेगवेगळं करा. डावीकडे जवळपास शांतता आणि उजवीकडे गाणं पुसट ऐकू आलं, तर बहुधा मास्टरिंगमध्ये (डिस्कसाठीच्या शेवटच्या ध्वनी-जुळणीत) बॅलन्स हललाय. उजवा अर्धा डेसिबल वर-खाली करून बघा, उरलेलं गाणं विरतं का.

जुन्या टेपवरून दोनदा वेगवेगळं ट्रान्सफर झालं असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण टेपचा वेग दोन्ही वेळा तंतोतंत सारखा नसतो. तिथे प्रत्येक डिस्कवर डाव्या-उजव्याच्या आरएमएस (सरासरी) पातळीतला फरक काढा आणि ते दोन फरक ताडून बघा. कानांवर विसंबण्यापेक्षा मला हेच जास्त भरवशाचं वाटतं.