साडेतीन वर्षांची मुलगी जूनपासून बालवाडीत जाणार आहे. ती निरोगी आणि खेळती राहावी म्हणून आत्तापासून काय करू?

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. फोंड्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, तुम्ही दोघंही नोकरीला, दिवसभर मुलीजवळ आजी. मुलगी रात्री अकराला झोपते, सकाळी साडेआठला उठते, मोबाइल समोर धरल्याशिवाय घास गिळत नाही, वजन १३ किलो. आजींचं म्हणणं की पावसात पोरीला घराबाहेर काढायचंच नाही. आणि शाळा तर सकाळी साडेआठची. मी डिचोली तालुक्यात अंगणवाडी सेविका म्हणून चोवीस वर्षं काम केलं. अशी कितीतरी मुलं जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या उंबऱ्यावर रडत उभी राहिलेली पाहिली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी वजनाचं सांगते, कारण तुमच्या मनाला तेच सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. साडेतीन वर्षांच्या मुलीचं सरासरी वजन १५ किलोच्या आसपास असतं, पण साधारण साडेअकराच्या वर असलेली मुलगी कमी वजनाची म्हणत नाहीत. तुमची १३ किलोची आहे. गेल्या सहा महिन्यांत वजन आणि उंची दोन्ही थोडी थोडी वाढली असेल तर ती बारीक चणीची आहे, एवढंच. वाढ थांबली असेल किंवा वजन घटलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. तिच्याच मागच्या आकड्याशी करा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही चार वेगळे प्रश्न विचारलेत: जेवत नाही, मोबाइल सोडत नाही, उशिरा झोपते, सारखी मरगळलेली असते. माझ्या अनुभवात हा एकच गुंता असतो आणि तो झोपेच्या टोकापासून सोडवला तरच सुटतो. उशिरा उठलेल्या मुलीचा नाश्ता दहाला होतो, मग दुपारी भूक नसते, भूक नसलेल्या पोटात अन्न ढकलायला मोबाइल लागतो, मोबाइलमुळे बसून राहते, बसून राहिल्यामुळे संध्याकाळीही भूक लागत नाही आणि अंग दमलेलं नसल्यामुळे रात्री झोप येत नाही. जेवणापासून सुरुवात करणारे आईबाप थकून जातात. मीही पहिली काही वर्षं डबा संपवल्याशिवाय मुलाला उठू देत नसे. एक मुलगा त्या धाकाने ओकला आणि पुढे आठवडाभर डब्याचं झाकण उघडलं की रडायचा. ते दुःख मला अजून आहे. त्यानंतर मी कुठल्याही मुलाला एक घासही जबरीने दिला नाही.

या वयाला दुपारच्या डुलकीसकट दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. साडेआठच्या शाळेला पावणेसातला उठायचं तर रात्री नऊला डोळा लागायला हवा. अकराचे नऊ एका रात्रीत होत नाहीत. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे सरका, म्हणजे साधारण चोवीस दिवस लागतील. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलंत तर शाळेआधी चार दिवस हातात राहतील. पण सरकवायची सुरुवात रात्री करू नका, सकाळी करा. झोपवणं आपल्या हातात नसतं, उठवणं असतं. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला की तिला कडेवर घेऊन खाली जा, पाव तिच्या हाताने घ्यायला लावा. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप आपोआप अलीकडे येते. दुपारची डुलकी तासाभराची ठेवा आणि साडेतीननंतर झोपू देऊ नका. मे महिना म्हणजे लग्नं, आजोळ, पाहुणे. एखाद्या रात्री उशीर होणारच. त्या दुसऱ्या सकाळी मात्र ठरलेल्या वेळीच उठवा.

मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं, ते सरळ आहे: तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तर चांगलंच. मी त्यात दोन वेळा पूर्ण बंद ठेवायला सांगते. एक जेवताना, दुसरी झोपण्याआधीचा तास. आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना. बाबांच्या ताटाशेजारी फोन असेल तर तिला समजावण्यात अर्थ नाही. पहिले तीन-चार दिवस ती अर्धीच जेवेल. जेवू द्या अर्धीच. ताट वीस-पंचवीस मिनिटांत उचला, रागवू नका, आणि मधल्या वेळेत बिस्किट देऊ नका. भुकेची ओळख तिला नव्याने होऊ द्या.

त्याच मार्गदर्शनात हालचालीचाही आकडा आहे. या वयाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं अंग हलायला हवं आणि त्यातली निदान ६० मिनिटं धाप लागेल अशी. तीन तास ऐकून लोक घाबरतात, पण ते सलग नसतात आणि त्यासाठी कसला क्लासही नको. जिना चढणं, कपडे वाळत घालताना चिमटे आणून देणं, केर काढणं, नारळाची करवंटी उचलून नेणं, सगळं त्यात येतं. फ्लॅटमध्ये आजीची जुनी साडी जमिनीवर लांब पसरा, ती झाली नदी. नदीवरून उड्या, खुर्च्यांखालून रांगणं, बेडूकउड्या, लंगडी. लंगडी या वयात नीट जमत नाही, पण धडपडण्यातच तोल येतो. खाली राहणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की संध्याकाळी पाच ते साडेपाच आवाज होईल. बहुतेक शेजारी समजून घेतात.

तुमच्या फोंडा तालुक्याचं एक भाग्य आहे, देवळांची मोठी आवारं. रामनाथी, कवळे, म्हार्दोळ, मंगेशी. भरल्या पावसातही जिथे छपराखाली मोकळी जागा मिळेल तिथे तिला चालू द्या. पूजेची वेळ सोडून जायचं, दंगा करायचा नाही, हेही ती शिकेल. मात्र तळीच्या काठावर तिचा हात क्षणभरही सोडू नका. पावसात तळ्या काठोकाठ भरलेल्या असतात आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं.

पावसाला भिण्याचं कारण नाही, असं मी आजींच्या वयाच्या बायकांना वर्षानुवर्षं सांगत आले. भिजण्याने सर्दी होत नाही, ती एकमेकांच्या शिंकांतून आणि न धुतलेल्या हातांतून येते. दारं-खिडक्या लावून मुलं एका खोलीत कोंडली की उलट जास्त पसरते. आणि आपण गोवेकर चिखलाला परके थोडेच आहोत! आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला होतो, त्यात लहानांपासून आजोबांपर्यंत सगळे लोळतात. काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टींची. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरवू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू तिथूनच शिरतो. अनवाणी ओल्या मातीत फिरल्यास पायाच्या कातडीतून जंत जातात, म्हणून मागे पट्टा असलेले प्लास्टिकचे सँडल घाला. गमबूट नकोत, आत पाणी भरतं आणि दिवसभर पाय कुजतात. घरी आल्यावर साबणाने हातपाय, बोटांच्या बेचक्या कोरड्या, कोरडे कपडे. बस्स.

खाण्याचं म्हणाल तर वेगळं काही आणू नका, आपलंच आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज किंवा नाचणीचं सत्त्व, एखादं घावन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं, तेव्हा वजनापेक्षा रक्ताकडे लक्ष द्या. तांबडी भाजी, अळसांदे (चवळी), अंडं, मासे. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहाने ते अडतं, म्हणून बशीत ओतून दिलेला चहा बंद. दूधही दिवसाला दोन कपांच्या वर नको, पोट दुधाने भरलं की मुलं जेवत नाहीत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी आणि महाग मिळते. ते दोन महिने खाऱ्या सुक्या माशांनी भरून न काढता कडधान्यांवर आणि अंड्यांवर भर द्या.

डबा लहान हवा. तिची मूठ केवढी ते बघा, तशा दोन मुठी पुरे. आंबोळीचे तुकडे, उकडलेलं रताळं, केळं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत डब्यात नकोत, श्वासनलिकेत अडकतात. अळसांदेही थोडे चेचून द्या. आणि मे महिन्यातच डबा उघडायचा, स्वतःच्या हाताने खायचा आणि झाकण लावायचा सराव करून घ्या. कित्येक मुलं शाळेत उपाशी राहतात ती डबा आवडला नाही म्हणून नाही. झाकण उघडत नाही आणि बाईंना सांगायला लाज वाटते, म्हणून.

आता एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही आणि जिच्यामुळे मी सगळ्यात जास्त मुलं आजारी पडलेली पाहिली. शू. घरी कमोडची सवय असलेलं मूल शाळेत खाली बसायचं शौचालय बघून बिचकतं, किंवा अंधाराला भितं. मग ते धरून ठेवतं. धरायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं सोडतं. पंधरा दिवसांत लघवीला जळजळ, ताप, नाहीतर शौचाला खडा. माझ्याकडे एक मुलगी दीड महिना सकाळभर एक थेंब पाणी पीत नसे, आणि मला ते तिच्या आईने सांगितल्यावर कळलं. म्हणून शाळा सुरू होण्याआधी बाईंना भेटून मुलीला ते शौचालय दाखवा, एकदा वापरू द्या. उकिडवं बसायचा सराव घरी करा. चड्डी स्वतः खाली-वर करता येईल असे इलॅस्टिकचे कपडे घाला, बटणं-हुक नकोत. ‘बाई, शू’ एवढे दोन शब्द तिला मोठ्याने म्हणता आले पाहिजेत. दप्तरात एक जादा चड्डी आणि एक फ्रॉक प्लास्टिकच्या पिशवीत.

लसीकरणाचं कार्ड काढून बघा. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस बऱ्याच जणांचा राहून गेलेला असतो. राहिला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तिथे फुकट मिळतो. पुढचा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान. अ जीवनसत्त्वाचा डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो. जंतांची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाड्या-शाळांतून देतात. खाजगी बालवाडीत घातलंत तरी जवळच्या अंगणवाडीत नाव सांगून ठेवा. फ्लॅटमधले लोक तिकडे फिरकत नाहीत याचं मला वाईट वाटतं. तिथे वजन-उंची नियमित मोजली जाते आणि ते सगळ्या मुलांसाठी आहे.

एवढं सगळं करूनही पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती आजारी पडेल, हे आत्ताच मनात धरून ठेवा. शाळेत जायला लागलेल्या मुलाला वर्षात सात-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे. साध्या वाहत्या नाकाला घरी ठेवू नका. ताप असेल तर ठेवा, आणि औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप न आल्यावरच पाठवा. जुलाब असतील किंवा हाता-तोंडावर फोड असतील तरीही घरीच. शांत असताना छाती मिनिटाला चाळीस किंवा जास्त वेळा वरखाली होत असेल, ती पाणी पीत नसेल, सुस्त पडली असेल, तर सकाळची वाट बघू नका. पावसाळ्यातल्या तापात डेंगीची शंका असते, म्हणून पॅरासिटामॉलशिवाय दुसरं तापाचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, आणि तेही वजनाच्या हिशेबाने. कुंडीखालच्या बशीतलं पाणी दर आठवड्याला ओता. डेंगीचा डास दिवसा चावतो, शाळेच्या वेळेतच, तेव्हा पायघोळ पँट बरी.

राहिल्या आजी. त्यांच्याशी वाद घालू नका. मुलीला दिवसभर तुमच्यापेक्षा त्याच जास्त सांभाळतात, आणि त्यांची भीती प्रेमापोटी आहे. तुम्ही त्यांना संध्याकाळचं काम सोपवा: दोघींच्या दोन छत्र्या, आणि पाऊस जरा थांबला की देवळापर्यंत चालत जाऊन यायचं. आमच्या वाड्यावरच्या एका आजींना मी हेच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी त्या माझ्यावर रागावूनच निघाल्या. श्रावण लागेपर्यंत नातीआधी त्याच चपला घालून दारात उभ्या असायच्या.