रिपोर्टमध्ये 'रक्तप्रवाह' लिहिलाय, म्हणजे कॅन्सर रक्तात पसरलाय का?

मी समुपदेशक. हा प्रश्न समोरच्या खुर्चीतून इतक्या जणींनी विचारलाय, की हल्ली फाइल उघडायच्या आधीच तो मला ऐकू येतो. स्तनातल्या गाठीची सोनोग्राफी झालेली असते, गाठीच्या आत रक्तप्रवाह दिसल्याची एक इंग्रजी ओळ रिपोर्टमध्ये असते आणि डॉक्टरांची भेट चार दिवसांनी. त्या चार दिवसांत घरात कुणाला घास जात नाही.

सुमनताई (नाव बदललंय) ४२ वर्षांच्या. नवरा रेल्वे फाटकावर गेटमन, घर तिथंच शेजारी. त्यांनी सोनोग्राफीची रंगीत प्रिंट टेबलावर ठेवली, पण पालथी.

"मॅडम, लाल म्हणजे कॅन्सर आणि निळं म्हणजे नासलेलं रक्त ना? पुतण्यानं मोबाइलवर बघून सांगितलं."

'तसं काही नसतं हो' असं मी म्हणाले नाही. माझी बैठक विवेकनिष्ठ विचाराची. भीतीला दटावून काही होत नाही, तिच्या पोटात कोणतं वाक्य दडलंय ते शोधून तपासावं लागतं. मी विचारलं, "गाडी येतेय की निघून गेली, हे घरात बसून कळतं का तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? येताना भोंगा चढा लागतो. पुढं गेली की उतरतो."

"यंत्र तेवढंच ऐकतं. हे ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये मांडलं. वाहत्या रक्तपेशींवर आपटून ध्वनिलहरी परत येतात. रक्त यंत्राकडे येत असेल तर बहुधा लाल दाखवतात, लांब जात असेल तर निळं."

त्यांनी प्रिंट सुलटी केली. बोट लाल ठिपक्यावरून निळ्यावर गेलं, परत लालवर आलं. मी गप्प बसले. अशा वेळी बोललं की घोटाळा होतो.

"म्हणजे रंग गाडीचा नाही," त्या म्हणाल्या. "अप आणि डाउनचा."

इतक्या वर्षांत मला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. आता मी प्रत्येकीला असंच सांगते.

मग डॉक्टर रक्तवाहिन्या बघतात कशासाठी? गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढं वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, असा विचार ज्युडा फोकमन या अमेरिकन शल्यविशारदानं १९७१ मध्ये मांडला. कॅन्सरच्या गाठीत त्या घाईनं, वेड्यावाकड्या फुटतात. पण फायब्रोॲडिनोमासारख्या साध्या गाठीतही प्रवाह दिसतो आणि कॅन्सरच्या गाठीत कधीकधी दिसत नाही. यंत्र जरा जोरात दाबलं गेलं तरी बारीक वाहिन्या मिटतात. म्हणून ही फक्त एक खूण. गाठीचा आकार, तिच्या कडा या खुणांसोबत ती वाचायची असते, पक्कं निदान होतं ते बायोप्सीनंच, म्हणजे सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच. कॅन्सर रक्तावाटे कुठं गेलाय का, याबद्दल ही ओळ काहीच बोलत नाही. आणि कृपा करून 'सुई लावली की पसरतो' या धास्तीनं बायोप्सी पुढं ढकलू नका. त्यात वाया जातो तो उपचाराचा वेळ.

हे सगळं पटूनही सुमनताई उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई गाठीनंच गेली. आता माझ्या रक्तात निघालं, तर पोरीचं काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिपोर्टमधलं रक्त वाहणारं होतं, त्यांच्या मनातलं वंशाचं. मी तासभर पहिल्या रक्ताबद्दल बोलत होते आणि त्या दुसऱ्यासाठी रडत होत्या. त्या दिवसापासून मी आधी विचारते, 'या ओळीतला कोणता शब्द टोचतोय?' त्यांना सांगितलं, की स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक जनुकदोषातून येतात. आईचा इतिहास डॉक्टरांना नक्की सांगा, गरज वाटली तर ते जनुक तपासणी सुचवतील.

बायोप्सीत कॅन्सर निघाला. खोटा दिलासा मी दिला नव्हता, म्हणून त्या परत माझ्याकडेच आल्या. ऑपरेशनआधी केमो सुरू झाली. काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी होती, आणि त्यांनी मला सोबत बोलावलं. जेल लावून होताच त्यांनी पडदा आपल्याकडे वळवायला सांगितला.

"डॉक्टर, गाड्या कमी झाल्या का?"

डॉक्टरांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं.