गुंगीतल्या पेशंटचा श्वास मोज
अगं, सर्जिकल वॉर्डात नवीन आहेस, म्हणून आधी हेच सांगते. ऑपरेशननंतर मॉर्फिन किंवा फेंटानिल (ही तीव्र वेदनाशामकं) चालू असलेला पेशंट घोरत पडलाय, म्हणजे त्याला छान झोप लागली असं धरू नकोस. जवळ जा, हाक मार. बोलता बोलता परत गुंगीत गेला, तर पुढचा डोस थांबव आणि डॉक्टरांना लगेच बोलाव. बहुतेकदा गुंगी आधी वाढते, श्वास नंतर मंदावतो.

श्वास छातीकडे बघून पूर्ण मिनिटभर मोज. चार्टवर सरसकट सगळ्यांचे १८ लिहिलेले मला अजिबात खपत नाहीत. १० च्या खाली गेला की धोका. ऑक्सिजन लावलेला असताना सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९८ टक्के दिसलं तरी निर्धास्त राहू नकोस. आत कार्बन डायऑक्साइड साठत असला तर बोटावरच्या क्लिपला तो कळत नाही.

वयस्कर, स्थूल, किडनी अधू असलेले, झोपेची गोळीही घेतलेले, यांच्यावर पहिले २४ तास जास्त लक्ष.

नॅलॉक्सोन, म्हणजे मॉर्फिनचा उतारा, ट्रॉलीत आहे ना, हे ड्युटीवर येताच बघ. ते दिल्यावर पेशंट टक्क जागा होतो, पण त्याचा परिणाम तासाभरात ओसरू लागतो आणि मॉर्फिन मागे उरतं. म्हणून पुढचे काही तास त्याला नजरेआड होऊ देऊ नकोस.